'मांचू' म्हणजे मंजुश्री का?

एका वाचकाचा प्रश्न: चीनवर राज्य केलेल्या मांचू लोकांचे नाव आपल्या 'मंजुश्री' या बौद्ध बोधिसत्त्वावरून पडले असे कुठेतरी वाचले, ते खरे का? 'मांचू' लिहावे की 'मंचू'? आणि हॉटेलातल्या मंचुरियनचा या लोकांशी काही संबंध आहे का?

मांचू भाषेत या लोकांचे नाव आहे 'मांजु'. 'च' मधल्या वाटेत, आधी चिनी आणि मग युरोपीय लेखनातून, शिरला. म्हणजे मूळ उच्चार मंजुश्रीच्या आणखीच जवळ जातो आणि शंका यायला चांगली जागा आहे.

आता इतिहास. ईशान्य चीनमधल्या जुर्चेन टोळ्या नुरहाचीने एकत्र आणल्या आणि १६१६ साली राज्य स्थापले. त्याचा मुलगा होंग ताइजी याने १६३५ साली फर्मान काढले: आमच्या लोकांना अडाणी लोक 'जुशेन' म्हणतात, ते यापुढे बंद, आमचे नाव मांजु. ('जुशेन' हे 'जुर्चेन'चेच मांचू रूप. त्याला तोवर ताबेदार, अंकित असा वास येऊ लागला होता.) नाव आपण नव्याने काढले असे तो म्हणत नाही, ते मूळचेच असल्याचा त्याचा दावा आहे. पुढच्या वर्षी त्याने राजवंशाला 'छिंग' म्हटले, १६४४ साली मांचू बीजिंगमध्ये शिरले आणि १९१२ पर्यंत तिथून राज्य केले. फर्मानाची तिथी, चिनी पंचांगातल्या दहाव्या महिन्यातली तेरावी, मांचू लोक आजही सण म्हणून पाळतात. जमातीच्या नावाचा असा वाढदिवस मला तरी दुसरा ठाऊक नाही.

मंजुश्री येतो तो तिबेटकडून. तिबेटी लामा छिंग सम्राटाला मंजुश्रीचा अवतार म्हणत आणि पत्रांतही तसेच संबोधत. छ्येनलोंग सम्राटाने १७७७ साली मांचूंच्या उगमावर ग्रंथ तयार करायला सांगितले, त्यात याच संबोधनाशी 'मांजु'ची सांगड घातली आहे. या सम्राटाने थांग्का म्हणजे कापडावरच्या तिबेटी बौद्ध चित्रांमध्ये स्वतःला मंजुश्रीच्या रूपात रंगवून घेतले होते. व्युत्पत्ती खुद्द बादशहाच्या सोयीची असल्यावर नाही कोण म्हणणार?

अडचण कालक्रमाची आहे. नाव जाहीर झाले १६३५ साली. तिबेटचे दूत होंग ताइजीच्या मुकदेन (आजचे शेनयांग) इथल्या दरबारात पोचले १६४२ साली. मंगोलांकडून मंजुश्रीचे नाव आधीच कानावर आले असेल, हे शक्य आहे. पण शक्य आहे म्हणजे झाले असे नव्हे. 'मांजु'ची खात्रीची व्युत्पत्ती आज कोणाकडेच नाही, आणि मंजुश्रीची गोष्ट ही मागाहून चढवलेली झूल आहे, असे माझे मत.

नुसत्या ध्वनिसाम्यावर किती भरवसा ठेवावा यासाठी एक गंमत पाहा. मांचू अंगरख्याच्या बाहीचे टोक घोड्याच्या खुरासारखे असते. एरवी ते वर दुमडलेले. थंडीत घोड्यावर बसताना खाली सोडले की हाताची पाठ झाकली जाते. दरबारात मुजरा करण्याआधी ते झटकून खाली सोडायचे, ही रीत. त्या टोकाला आणि खुरालाही मांचू शब्द एकच, 'वाहान'. आपली वहाण लगेच आठवते ना? पण वहाण आली संस्कृत 'उपानह्'वरून, दोघींची कधी गाठ पडलेली नाही.

'शमन'चे प्रकरण जास्त चिवट आहे. देव अंगात आणणाऱ्याला मांचूत 'सामान' म्हणतात. मांचू ज्यात मोडते त्याच तुंगूस भाषाकुळातून हा शब्द रशियनमार्गे 'शमन' म्हणून युरोपात गेला. तो मुळात आपला 'श्रमण', बौद्ध भिक्षूंबरोबर तिकडे पोचलेला, असे मांडणारे अभ्यासक आहेत आणि तो तुंगूस भाषांचाच म्हणणारेही आहेत. इथे बौद्धांचा प्रवास हा निदान खरा रस्ता तरी आहे. मांचूंनी शमनांचे विधी बीजिंगच्या राजवाड्यातही नेले: खुनिंग महालात मोठ्या कढया बसवलेल्या होत्या, त्यांत देवाला चढवलेल्या डुकराचे मांस उकडत.

त्या उकडलेल्या मांसात आणि आपल्या मंचुरियनमध्ये काही साम्य नाही. चिकन मंचुरियन १९७५ च्या सुमारास मुंबईत, क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या स्वयंपाकघरात, कोलकात्यात वाढलेल्या नेल्सन वांग यांनी केले असे सांगतात. आले, लसूण, हिरवी मिरची इथलीच, त्यात गरम मसाल्याऐवजी सोया सॉस आणि कॉर्नफ्लॉवर. नाव मांचुरिया या प्रदेशाचे घेतले, तेही बाहेरच्यांनी रूढ केलेले. चिनी लोक त्या भागाला नुसते 'तोंगपेइ', म्हणजे ईशान्य, म्हणतात.

लिहिताना लोक आणि भाषा 'मांचू', प्रदेश 'मांचुरिया' लिहावा. पदार्थ मात्र 'मंचुरियन'च ठेवा. मेनूकार्डावर 'मांचुरियन' छापलेत तर वेटर विचारात पडेल.