कड सोडू नकोस

अगं,

तुझा लांबलचक निरोप वाचला. फुटबॉलचा अंतिम सामना रविवारी रात्री नऊला, वसतिगृहातली सगळी टोळी ब्रांडेनबुर्ग दरवाज्याकडे मोठ्या पडद्यावर बघायला निघालेली, मंगळवारी परीक्षा, ऑफसाइड अजून डोक्यात शिरत नाही, आणि घरी सांगावं की नाही हा घोळ. परीक्षेचं तुझं तू बघ. घरी सांग. ऑफसाइड शेजारी उभा असलेला कुणीही समजावेल. बर्लिनमध्ये हे विचारणं म्हणजे त्याच्यावर उपकारच. तू जे विचारलंच नाहीस तेच मी सांगणार आहे: उभं कुठे राहायचं.

कडेला.

चार वाजताच जाऊन पुढची जागा धरायचा तुमचा बेत वाचून मला राग आला. पुढे काय वेगळं दिसणार? मैदान तिथे नाहीच, आहे तो पडदा. २००६ च्या विश्वचषकात दरवाज्यापासून विजयस्तंभापर्यंतच्या त्या दोनेक किलोमीटरच्या रस्त्यावर ओळीने पडदे होते. मागच्या पडद्यावरचा गोल पुढच्यापेक्षा लहान नव्हता. जागेचा नकाशा आदल्या दिवशी बघून ठेव: पडदे कुठे, फाटकं कुठे, कठडे कुठे. मग शेवटच्या पडद्याची कड धर.

गर्दीत लोक तुडवले जाऊन मरतात असं सगळ्यांना वाटतं. बहुतेक वेळा माणूस उभ्याउभ्याच गुदमरतो. छाती दोन्हीकडून दाबली जाते आणि बरगड्यांना फुलायला जागा उरत नाही. एका चौरस मीटरमध्ये चार माणसं असली तरी हलता येतं. पाच झाली की अवघड होतं. सहा-सात झाली की पाय तुझे राहत नाहीत, लाट नेईल तिकडे जायचं. मोजपट्टी लागत नाही: कोपरं बाहेर काढून जागच्या जागी गिरकी घे. कुणाला धक्का न लागता जमली तर ठीक. नाही जमली तर त्याच क्षणी कडेकडे निघ. हात वर करून तोंडाला लावता येत नसेल, तर तुला उशीर झालेला आहे.

लोटणाऱ्यांचा दोष नसतो. मागच्याला पुढचं दिसत नाही, तो नुसता अर्धं पाऊल सरकतो. अशी हजार अर्धी पावलं पुढच्या लोखंडी कठड्याशी येऊन साचतात. म्हणून कठडा, खांब, जिन्याचा तळ आणि अरुंद वाट या चार जागा टाळ, गर्दी कितीही हसरी असली तरी. ड्युइसबुर्गला २४ जुलै २०१० रोजी लव्ह परेड या संगीतमहोत्सवात चेंगरून २१ जण गेले. तिथे आत येणारे आणि बाहेर पडणारे एकाच उतारावर समोरासमोर आले होते. गेलेल्यांत परदेशातून जर्मनीत शिकायला आलेल्या मुलीही होत्या. तुझ्याच वयाच्या.

इटलीतल्या तूरिनचं तर अगदी तुमच्यासारखंच. ३ जून २०१७, चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना कार्डिफला, आणि तूरिनच्या सान कार्लो चौकात माणसं पडद्यावर तो बघत होती. चोरांच्या टोळीने मिरचीचा फवारा मारला, घबराट उसळली, पंधराशेहून जास्त लोक जखमी झाले. कितीतरी जणांना जमिनीवर फुटलेल्या बाटल्यांच्या काचांनी कापलं. म्हणून जाड तळव्याचे बंद बूट, नाडी दुहेरी गाठीची. सँडल घालून गेलीस तर मला सांगूही नकोस.

गोलच्या वेळी सगळे पुढे उसळतात. तू आधी पाय रोव, एक पुढे एक मागे, हात छातीसमोर, मग ओरड हवं तेवढं. व्हीएआरची, म्हणजे गोल खरा का ते व्हिडिओवर बघायची, तपासणी सुरू झाली की सावध राहा, कारण गोल कायम झाला तर तीच उसळी दुसऱ्यांदा येते. लाटेत सापडलीसच तर तिच्याविरुद्ध जोर लावायचा नाही. ती ओसरते, त्या दोन-तीन सेकंदांत तिरकं, कडेकडे, दोन पावलं. पुन्हा लाट, पुन्हा दोन पावलं. किंचाळून श्वास घालवू नकोस. फोन पडला तर पडला, वाकायचं नाही. कडेला असलीस तर यातलं काहीच करावं लागणार नाही, हेच मी मघापासून सांगते आहे.

मैत्रिणी भित्री म्हणतील. म्हणोत. मलाही म्हणतात, आणि माझं मत तसूभर हललेलं नाही. हा हट्ट मला फुकट मिळालेला नाही. कसा मिळाला ते इथे सांगत बसत नाही. गर्दीच्या मधोमध उभं राहिल्याशिवाय मजा नाही म्हणणाऱ्यांना मी कधीच पटवू शकले नाही. तुला पटवायचंय.

बाकीचं भराभर. पाठीवर सॅक नको. फाटकावर अडवतीलही, आणि गर्दीत कुणी तिचा पट्टा ओढला तर तू मागे जाशील. काचेची बाटली नको. स्वच्छतागृहाला मध्यंतराच्या पंधरा मिनिटांत सगळेच जातात, तू पस्तिसाव्या मिनिटाला जा. फोनचं नेटवर्क तुंबणार हे धरूनच चाल. भेटायची जागा गर्दीबाहेर ठरवा, दरवाज्यापाशी नको. एस-बानचं, म्हणजे शहरातल्या लोकलचं, टिअरगार्टन स्टेशन चांगलं, विजयस्तंभाच्याही पलीकडे, पश्चिमेला. सामना संपल्यावर चाळीस मिनिटं थांबायचं, कुणी नाही आलं तर ज्याने त्याने घरी जायचं. पत्ता कागदावर लिहून खिशात ठेव. आणीबाणीला ११२.

सामना साधारण दहा पन्नासला संपेल. बरोबरी झाली तर जादा वेळेसह साडेअकरा, पेनल्टी झाल्या तर पावणेबारा. शिट्टीच्या पाच मिनिटं आधी निघ, नाहीतर अर्धा तास उशिरा. मधल्या वेळात फाटकाकडे फिरकू नकोस. पाच मिनिटं चुकली म्हणून काय बिघडलं, असं मी म्हटलं की तुझा चेहरा कसा होईल ते मला दिसतंय. मग उशिरा निघ, पण कडेवरूनच. यू-बान, म्हणजे मेट्रो, शुक्रवारी-शनिवारी रात्रभर धावते, रविवारी नाही, तेव्हा ‘एन’च्या रात्रबसचा क्रमांक आधीच बघून ठेव.

आणि चष्म्याला दोरी लाव. गोलच्या उड्यांत आधी तोच जातो, आणि वाकायचं तर नाहीये.

तुझी,
ताई