कोलवाळला गट घेण्याआधी

प्रिय मित्रा,

गुन्ह्याने पीडितावर काय ओढवतं हे कैद्यांना उमगावं म्हणून गोव्यातल्या कोलवाळच्या मध्यवर्ती कारागृहात त्यांचा गट घ्यायला जाशील, तेव्हा समोरच्यांत शिक्षा झालेले किती आणि कच्चे कैदी, म्हणजे खटला अजून चालू असलेले, किती, हे आधी विचारून घे. कच्च्या कैद्याला स्वतःच्या गुन्ह्याबद्दल बोलतं करू नकोस. तुझ्यासमोर दिलेली कबुली उद्या कोर्टात त्याच्याविरुद्ध वापरली जाऊ शकते. अपील बाकी असलेल्याचंही तेच.

म्हणून सुरुवात रचलेल्या घटनेने कर, आणि तीही चोरीची. पहिल्याच दिवशी खून काढलास तर निम्मे गप्प बसतात, उरलेले 'मी तसला नाही' म्हणून मोकळे होतात. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून पेडण्याच्या भाजीवालीची स्कूटर गेली, एवढंच सांग आणि विचारत जा. उरलेली भाजी घेऊन ती त्या संध्याकाळी घरी कशी पोचली? पुढच्या शुक्रवारी माल कशातून आणणार? पोलीस ठाण्याच्या खेपांत किती दिवसांचा धंदा बुडाला? गाडी गेली तरी हप्ता कोण भरतंय? 'विमा मिळतो की' असं कुणीतरी म्हणतंच. नुसत्या थर्ड पार्टी विम्यात चोरी धरत नाहीत, एवढं सांगून पुढे जा. तिच्या मनात बसलेली भीती मात्र तू सांगू नकोस. गटातल्याच कुणाला सुचेपर्यंत थांब, शांतता लांबली तरी चालेल. तू सांगितलंस की त्याचं प्रवचन होतं.

दहा-बारा जणांहून जास्त नकोत, आणि सोबत एक सहकारी हवाच. कोकणी-मराठी न कळणारा हमखास मागे पडतो. त्याच्या शेजारी त्याची भाषा बोलणारा बसव.

तीन-चार बैठकांनंतर, ज्यांचा खटला पूर्ण संपला आहे त्यांच्याकडून पीडिताला उद्देशून पत्र लिहून घे. ते धाडायचं मात्र नाही. तुरुंगातून अचानक आलेलं पत्र, त्यात माफी असली तरी, घरच्यांना धमकीसारखं वाटतं. 'मी सुरा मारला, पण आधी त्याने आईवरून शिवी दिली' असं वाक्य आलं तर दुसरा अर्धा भाग वेगळ्या कागदावर लिहायला सांग. तो खोटा असेल असं नाही. अनेकांनी स्वतःही मार खाल्लेला असतो, आणि त्यासाठी एक बैठक जरूर राखून ठेव. फक्त या पत्रात तो नको.

पत्राच्या दिवसानंतर काहींना झोप लागत नाही. तुरुंगातल्या समुपदेशकाला त्या दिवसाची आधीच कल्पना दे. आणि निघताना कागद मोजून परत घे; बराकीत राहिलेलं पत्र दुसऱ्याच्या हाती लागलं तर लिहिणाऱ्याला त्यावरून छळतात.

तुझा,
काका