गिझरमधली तडतड आणि गळणारा व्हॉल्व्ह

प्रश्न : आमच्याकडे २५ लिटरचा विजेचा गिझर सात वर्षांपासून आहे. यंदाच्या थंडीत तो सुरू केल्यावर काही मिनिटांतच आतून लाह्या फुटल्यासारखी तडतड ऐकू येते आणि व्हॉल्व्हमधून सूंऽ असा आवाज होऊन थेंब गळतात. प्लंबरने व्हॉल्व्हच्या तोंडाला बूच मारण्याचे सुचवले आहे. पाणी बोअरवेलचे आहे. यात धोका आहे का?
– एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : बूच कृपया मारू नका, आपल्या पत्रातील खरा धोका तोच आहे. २० अंशांचे पाणी ६० अंशांपर्यंत तापले की सुमारे दीड टक्का प्रसरण पावते, म्हणजे आपल्या टाकीत जवळपास पावणेचारशे मिलिलिटर पाणी वाढते, आणि थंड पाण्याच्या नळीत मागे जाण्याची वाट एकतर्फी झडपेने बंद असल्यामुळे ते दाब सोडणाऱ्या या व्हॉल्व्हमधूनच बाहेर पडते. त्याला बूच मारले, तर दाब टाकीतच वाढत जाईल. तापताना पडणारे थेंब हे त्याचे कामच आहे. गिझर थंड असतानाही गळती चालू राहिली, तर व्हॉल्व्ह बदलावा.

तडतड मात्र क्षारांची आहे. पेंच व कन्हानहून येणारे पालिकेचे पाणी नदीचे, बोअरचे पाणी मात्र खडकांतून झिरपताना कॅल्शियम व मॅग्नेशियम विरघळवून आणते. तापल्यावर त्यातील कॅल्शियम बायकार्बोनेटचे न विरघळणारे कार्बोनेट होते आणि ते तापणाऱ्या कॉइलवर थराने बसते. (बंबाच्या आतला पांढरा थर ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे सांगायला नको.) या थराखाली अडकलेल्या पाण्याची वाफ होते, तिचे बुडबुडे वरच्या थंड पाण्यात येताच मिटतात, आणि त्यांचाच आवाज आपल्याला ऐकू येतो. टाकी फुटण्याचे हे लक्षण नव्हे. पण उष्णता थरात अडकल्याने वीज जास्त लागते आणि कॉइल अखेरीस जळते.

वीजपुरवठा बंद करून व टाकी रिकामी करून कॉइल तंत्रज्ञाकडून साफ करून घ्यावी. टाकी उघडलेलीच असेल, तेव्हा गंजापासून तिचे रक्षण करणारा मॅग्नेशियमचा दांडाही पाहून घ्यावा, कारण सात वर्षांत तो बहुधा झिजलेला असतो. पाण्याची कठीणता, म्हणजे त्यातील या क्षारांचे प्रमाण, तपासून घेणेही उपयोगाचे ठरेल. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात ती लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावी, दुसरा स्रोत नसल्यास ६०० पर्यंत चालते. थर्मोस्टॅट ६० अंशांच्या वर नेऊ नये, कारण पाणी जितके अधिक तापते तितका थर लवकर साचतो. नळाला हात लावताना झिणझिण्या आल्या, तर मात्र दुरुस्ती होईपर्यंत गिझर सुरूच करू नये.