अकरा दिवस आणि एक राउटर

प्रश्न: जुन्या वाद्यांची खरेदी-विक्री करणाऱ्या एका विक्रेत्याकडून मी फेंडर या अमेरिकन कंपनीचा प्रिसिजन बेस (बेस गिटार) घेतला. जाहिरातीत ‘१९६४, सगळे भाग मूळचे’ असं लिहिलं होतं. सहाव्या दिवशी प्रीअँप (आवाज वाढवणारं बॅटरीवरचं सर्किट) बसवण्यासाठी पिकगार्ड (पुढची पट्टी) उघडला, तेव्हा पॉट (आवाज कमी-जास्त करायच्या बटणांखालचे भाग) नंतरचे निघाले. फोटो काढून विक्रेत्याला मेसेज केला, तो ‘बघू’ म्हणाला. त्यानंतर अकरा दिवसांनी बेस कारागिराकडे दिला. ब्रिजजवळ (तारा अंगावर जिथे टेकतात तिथे) दुसरा पिकअप (तारांचा आवाज टिपणारा भाग), प्रीअँप, अंगाला नवा रंग आणि हेडस्टॉकवर (वरच्या टोकावर) फेंडरच्या नावाचं नवं डेकल (चिकटचित्र) असं काम करून घेतलं. नवव्या महिन्यात तो विकला. आता खरेदी होऊन चौदा महिने झाले आहेत आणि ज्यांनी माझ्याकडून घेतला त्यांच्या वकिलाची नोटीस आली आहे. नेक (मान) काढून तिच्या टाचेवरचा, म्हणजे अंगात बसणाऱ्या टोकावरचा, तारखेचा शिक्का तपासला, तो १९६४ चा नाही, पंधरा दिवसांत पैसे परत करा, असं ते म्हणतात. बेस परत आला तर मी तो मूळ विक्रेत्याला देऊन माझे पैसे मागू शकतो का?

उत्तर: नाही. कारागिराने लाकडाला राउटर (लाकूड कोरायचं यंत्र) लावला त्या दिवशी तुमचा बेस परत करण्याचा हक्क संपला. नुकसानभरपाईचा रस्ता अजून उघडा आहे, पण तो वेगळा आहे आणि त्यातही तुम्ही बरेच काटे स्वतःच पेरून ठेवले आहेत.

असे प्रश्न माझ्याकडे वारंवार येतात. कधी घड्याळ असतं, कधी कॅमेरा, कधी जुनी मोटारसायकल. वस्तू घरी येते, शंका येते, विक्रेत्याला गुळमुळीत मेसेज जातो आणि लगेच वस्तू खोलून ‘सुधारायला’ घेतली जाते. विक्रेता खोटं बोलला का, यावर मग पानंच्या पानं लिहून येतात. तुमच्याही पत्रात ती आहेत. तो बोलला असेल, आणि मला तसंच वाटतं. पण तुमच्या प्रश्नाचा निकाल त्यावर लागत नाही. तो मालविक्री अधिनियम, १९३० च्या कलम ४२ वर लागतो.

हे कलम छोटं आहे. खरेदीदाराने माल स्वीकारला असं तीन प्रसंगी धरलं जातं: त्याने तसं कळवलं तर, माल ताब्यात आल्यावर विक्रेत्याच्या मालकीशी विसंगत अशी काही कृती केली तर, किंवा नाकारल्याचं न कळवता वाजवी मुदतीपलीकडे माल ठेवून घेतला तर. तुमचं प्रकरण दुसऱ्या प्रसंगात बसतं. प्रिसिजन बेसला १९५७ पासून एकच, दोन तुकड्यांत विभागलेला पिकअप असतो. ब्रिजजवळ दुसरा बसवायचा तर अंगात नवा खड्डा कोरावा लागतो, प्रीअँपच्या बॅटरीसाठी आणखी जागा लागते. कोरलेलं लाकूड परत भरता येतं, पण मूळचं होत नाही. ज्या माणसाला ‘तुझी वस्तू तुला घे’ म्हणायचं आहे, तो तिच्यावर राउटर चालवत नाही, कायदा इतकाच साधा विचार करतो. पुढची विक्री ही त्याच जातीची दुसरी कृती. पहिल्या कृतीनंतर तिने फारसा फरक पडत नाही.

एकदा स्वीकार झाला की कलम १३ लागतं. ‘१९६४’ हे वर्णन होतं आणि वर्णनाप्रमाणे माल असणं ही कलम १५ नुसार शर्त आहे. शर्त मोडली तर माल नाकारता येतो. पण करार विभागता येण्यासारखा नसेल आणि माल स्वीकारला गेला असेल, तर मोडलेली शर्त केवळ मोडलेली हमी ठरते. हमी मोडल्याबद्दल भरपाई मिळते, वस्तू परत करता येत नाही.

तुम्ही विचाराल, मी तर सहाव्याच दिवशी कळवलं होतं. तुमचा मेसेज मी तीनदा वाचला. ‘पॉट नंतरचे वाटतात, तुम्हाला काय वाटतं?’ ही विचारपूस झाली, नकार नाही. कलम ४३ मध्ये खरेदीदारावर माल परत नेऊन देण्याचंसुद्धा ओझं नाही, ‘मी हा स्वीकारत नाही’ एवढं कळवलं की पुरे. हे चार शब्द त्या रात्री गेले असते, बेस पेटीत बंद करून ठेवला असता आणि ते अकरा दिवस नुसते जाऊ दिले असते, तर आज आपण वेगळ्या जागी असतो. ‘बघू’ या उत्तराने काही दिवसांची उसंत मिळाली असती. कामाला लागायची परवानगी त्यात नव्हती. मला याचा राग येतो, कारण शंका तुम्हाला वेळेवर आली होती. फसलेल्या बहुतेकांना ती येतच नाही.

फसवणूक झाली म्हणून करारच रद्द करता येईल का, असंही तुम्ही विचारलं आहे. करार अधिनियम, १८७२ च्या कलम १९ मध्ये तशी सोय आहे. पण शंका आल्यानंतरही तुम्ही करार टिकवल्यासारखंच वागलात आणि घेतलेली वस्तू होती त्या रूपात परत देण्याच्या स्थितीत आता नाही. यावर वाद घालता येईल, मी मात्र त्यावर विसंबून राहणार नाही.

आता भरपाईकडे. मालविक्री अधिनियमाच्या कलम ५९ प्रमाणे ती मागता येते. ढोबळ हिशेब असा: वर्णनाप्रमाणे असता तर बेसचं जे मोल झालं असतं आणि ताब्यात आला तेव्हा जे खरं होतं, त्यांतला फरक. सीबीएस या दुसऱ्या अमेरिकन कंपनीने फेंडर जानेवारी १९६५ मध्ये विकत घेतली, त्यामुळे १९६४ आणि नंतरचं वर्ष यांत संग्राहक मोठा भेद करतात. फरक दाखवणं अवघड नाही. अवघड आहे ते ‘ताब्यात आला तेव्हा तो काय होता’ हे दाखवणं, कारण ती वस्तू आता जगात उरलेली नाही. तुम्ही रंग खरवडलात. साठच्या दशकाच्या अखेरीस फेंडरने नायट्रोसेल्युलोज लॅकरचा लेप सोडून पॉलिएस्टरच्या जाड लेपाकडे वळायला सुरुवात केली. म्हणजे जुना थर तुमच्या बाजूचा बोलका साक्षीदार ठरू शकला असता. तो कारागिराच्या कचऱ्यात गेला.

उरले पॉट. तुमच्या फोटोत १३७७२३४ हा आकडा स्वच्छ दिसतो. १३७ हा सीटीएस या उत्पादकाचा क्रमांक, ७२ म्हणजे १९७२, ३४ म्हणजे त्या वर्षाचा चौतिसावा आठवडा. याने नेमकं काय सिद्ध होतं हे नीट समजून घ्या, विक्रेत्याचा वकील तिथेच बोट ठेवेल. पॉट केव्हाही बदलता येतात, म्हणून लाकूड १९६४ चं नाही हे एवढ्याने ठरत नाही. पण ‘सगळे भाग मूळचे’ हे वाक्य मात्र त्या एका आकड्याने पडतं. लाकडाच्या वयासाठी नेकच्या टाचेवरचा शिक्का हवा, आणि तो तुम्ही पाहिलाच नाही. चार स्क्रू काढायचे होते! ते काम तुमच्याकडून घेणाऱ्याने केलं. त्यांचा अहवाल आज तुमच्याविरुद्ध आहे, पण उद्या मूळ विक्रेत्यासमोर तोच तुमच्या उपयोगी पडेल. त्याची प्रत मागून घ्या आणि त्यावर भांडू नका.

काढलेले पॉट, जुना पिकगार्ड, वायरिंग हे सगळं कारागिराकडेच राहिल्याचं लिहिलंय. ते आजच आणा. काय काढलं आणि कोणत्या तारखेला, हे त्यांच्याकडून लिहून सही घ्या. फोनवरचे मेसेज पुसू नका आणि आता नवे पाठवू नका. दावा झाला तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालचं इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र जोडावं लागेल, म्हणून ज्या फोनवर ते आले तो फोन जपा. कारागिराची मजुरी आणि नव्या सामानाचा खर्च विक्रेत्याकडून मिळेल, ही आशा मात्र सोडा. शंका आल्यावर स्वतःच्या हौसेने केलेला खर्च त्याच्या माथी मारता येत नाही.

कुठे जायचं? ग्राहक आयोग हा तुमचा पहिला विचार आहे. तिथे एक अडथळा आहे आणि तो तुमच्याच हाताने लिहिलेला आहे. खरेदीआधीच्या मेसेजमध्ये तुम्ही म्हणता, ‘थोडं काम करून पुढे काढेन.’ ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम २(७) मध्ये पुनर्विक्रीसाठी घेणारा ग्राहक धरला जात नाही. तुम्ही कार्यक्रमांत वाजवता आणि त्यावर घर चालतं, म्हणून स्वयंरोजगाराचा अपवाद मांडता येईल. पण त्या वाक्यासमोर तो टिकेल का, हे आयोगासमोरच्या पुराव्यावर ठरेल. ते वाक्य लपवून ‘फक्त वाजवायला घेतला’ असं तक्रारीत लिहू नका. समोरचा ते पहिल्याच तारखेला काढेल आणि मग तुमच्या खऱ्या गोष्टीही खोट्या वाटू लागतील.

आयोगाची मुदत दोन वर्षांची, म्हणजे तुमच्याकडे साधारण दहा महिने आहेत. दिवाणी दाव्याला सर्वसाधारणपणे तीन वर्षं मिळतात. आयोगाने विरुद्ध पक्षाला नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत, वस्तूची तपासणी लागणार असेल तर पाच महिन्यांत, निकाल देण्याचा प्रयत्न करावा असं कलम ३८ म्हणतं. त्या आकड्यांवर घराचा हिशेब मांडू नका. तपासणी कोण करणार एवढ्याच मुद्द्यावर महिने गेलेले मी पाहिले आहेत, आणि लाकूड, लॅकर, सोल्डर यांतलं कळणारा माणूस हाताशी मिळणं सोपं नसतं. दिवाणी न्यायालयाची गती याहून मंद. लोकांची उमेद तारखांमध्येच विरते आणि त्याचा फायदा खोटं वर्णन करणाऱ्याला होतो, हे पाहून आजही चीड येते. म्हणून आधी विक्रेत्याला नीट पुराव्यानिशी नोटीस पाठवा आणि तडजोडीला जागा ठेवा.

आता जी नोटीस तुमच्या टेबलावर आहे तिच्याकडे. इथे तुम्ही स्वतः विक्रेते आहात. तुमच्या जाहिरातीत दुसरा पिकअप, प्रीअँप आणि नवा रंग हे सगळं प्रामाणिकपणे लिहिलं आहे, ते चांगलं झालं. पण सुरुवात ‘१९६४ चा प्रिसिजन’ अशीच आहे, आणि तेव्हा १९७२ च्या पॉटचा फोटो तुमच्या फोनमध्ये होता. ‘मूळ विक्रेत्याने मला तसं सांगितलं होतं’ हा बचाव शंका येण्याआधी चालला असता. शंका आल्यावर ती दाबून तेच वर्ष लिहिणं हे करार अधिनियमाच्या कलम १७ मधल्या फसवणुकीच्या फार जवळ जातं. ‘त्यांनी आधी उघडून बघायला हवं होतं’ असं उत्तरात लिहायचा तुमचा विचार आहे. तो सोडा. तुम्ही वर्ष ठासून सांगितलं होतं, नुसते गप्प बसला नव्हता.

माझा सल्ला: बेस परत घ्या आणि पैसे परत करा. त्यांनी त्यात काही कोरलेलं नाही, शिक्का पाहिल्यावर उशीरही केलेला नाही. तुम्ही जो हक्क गमावलात तो त्यांनी जपला आहे. उत्तरात गुन्हा कबूल करू नका, शिवीगाळ करू नका. वाद मिटवण्यासाठी, तुमचे इतर हक्क राखून, बेस मिळताच पैसे देण्याची तयारी लिहा. देवाणघेवाण एकाच वेळी, सहीची पावती घेऊन. नोटिशीत पोलीस तक्रारीचा उल्लेख आहे, त्याचं पुढे काय होईल हे मी इथून सांगू शकत नाही, पण पैसे वेळेत परत गेले तर त्या धमकीतली हवा बरीच निघते. त्यांना दिलेले पैसे मूळ विक्रेत्याकडून जसेच्या तसे वसूल होतील असंही धरू नका. मधली चूक तुमची आहे.

एका गोष्टीबद्दल तुम्ही विचारलंच नाही: हेडस्टॉकवरचं डेकल. बेसच्या आकाराची काळजी करू नका. प्रिसिजनसह तीन गिटारांच्या अंगाच्या आकारावर व्यापारचिन्ह मिळवण्याचा फेंडरचा प्रयत्न अमेरिकेतल्या व्यापारचिन्ह मंडळाने २००९ मध्ये फेटाळला होता. नावाचं मात्र तसं नाही. मालकाच्या संमतीविना त्याचं चिन्ह वस्तूवर लावणं व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ च्या कलम १०२ मध्ये येतं आणि कलम १०३ खाली सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. फसवण्याचा हेतू नव्हता हे सिद्ध करण्याचा भार तुमच्यावर येतो. ‘जुनं डेकल झिजलं होतं म्हणून नवं लावलं’ हे खरं असेलही, पण नेकचंच वर्ष संशयात असताना ते पटवून देणं सोपं नाही. शिवाय कायदेशीरपणे घेतलेला माल पुढे विकायला कलम ३० मुभा देतं, पण मालाची स्थिती बदललेली असेल तर मालकाला आक्षेप घेता येतो. बेस परत आला की आहे त्या अवस्थेत डेकलचे फोटो काढा, मूळ विक्रेत्याविरुद्धचं प्रकरण संपेपर्यंत त्याला हात लावू नका आणि तोवर बेस विकायला काढू नका. पुढे कधी विकलात तर डेकल आधी काढा, वर्ष लिहू नका आणि शिक्का व पॉट यांचे फोटो जाहिरातीतच द्या.

नोटिशीच्या पंधरा दिवसांतले नऊ तुमचं पत्र माझ्यापर्यंत येईतो गेले. आधी कारागिराकडची पिशवी आणा, मग उत्तराचा मसुदा घेऊन जवळच्या वकिलाला गाठा. वकिलाला तो फोटो आणि ‘पुढे काढेन’ हा मेसेज दोन्ही दाखवा.