आनंद झाला तर सेवा बाटते का?

"मॅडम, देवळाचं काम करताना मला बरं वाटालंय की ओ. बायको जाऊन सातच महिने झाले, आणि मी गुणगुणत घरी यालोय. हे चुकीचं हाय का?"

सोलापूरच्या पूर्व भागातले हे काका, वय ६४ (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). चाळीस वर्षं यंत्रमागावर चादरी विणल्या. मागाच्या खडखडाटात आयुष्य गेलेल्या माणसाला ते गप्प घर सोसेना. जेवण तुटलं, झोप उडाली. रोज ठरल्या वेळी घराबाहेर पडायला लावणारं एक काम शोधा, एवढंच मी समुपदेशनाच्या पहिल्या भेटीत सुचवलं होतं. मन ठीक झालं की कामाला लागू, असं आपण म्हणतो; बऱ्याचदा आधी हात हलतात आणि मन मागून येतं.

गल्लीतल्या मारुती मंदिराचा जीर्णोद्धार चालू होता. "वर्गणी द्यायला पैसे नाहीत, कोणत्या तोंडानं जाऊ?" म्हणत म्हणतच ते गेले. दगडी खांबांवर ऑइलपेंटचे थर चढलेले. तारेच्या ब्रशनं दगडावर ओरखडे पडतात, म्हणून मिस्त्रीनं बांबूची काडी आणि मऊ ब्रश दिला. तुटलेला धागा हुडकून गाठ मारणारी त्यांची बोटं. नक्षीच्या खाचेतला रंग काढणं त्यांना बरोबर जमलं. आठव्या दिवशी निळ्या रंगाखालून अंगठ्याएवढा पोपट निघाला. पोरं गोळा झाली. मिस्त्री म्हणाला, "मामा, उद्या लवकर या."

हे सांगताना त्यांचा चेहरा उजळला, आणि लगेच पडला. सेवा निष्काम हवी, मग हा स्वार्थ नाही का?

मी त्यांना गड्ड्याच्या जत्रेची आठवण दिली. संक्रांतीला सिद्धरामेश्वरांचे नंदीध्वज, म्हणजे उंच, जड काठ्या निघतात, त्या पेलायचा सराव आधीपासून चालतो. काठी तोलणाऱ्याच्या तोंडावरचा आनंद पाहून त्याची सेवा खोटी, असं सोलापुरात कुणी म्हणेल का? कोपऱ्यावर कुणीतरी आपली वाट बघतंय, हे सुख काकांनी मागून घेतलं नव्हतं. ते कामासोबत आलं. ते नाकारू नये, असं मला मनापासून वाटतं.

पत्नीचं दुःख अजून आहेच, आणि ते राहणार. त्याच्या शेजारी हसू आलं तर ती बेइमानी नव्हे. (प्रत्येकाला देऊळच लागेल असं नाही. पण जगूच नये असं वाटत असेल, तर कामात मन गुंतवायच्या आधी डॉक्टरांना भेटा.)

काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, गाभाऱ्याबाहेर एक कोनाडा आहे. ती दर शनिवारी तिथं दिवा लावायची. काजळीनं काळा झालाय. मिस्त्री म्हणतो, घासून काढू.

"मग?"

"मी सांगितलंय त्याला, सगळे खांब होऊ दे. तो कोनाडा शेवटी. माझा मी बघतो."

घड्याळाकडे बघून ते उठले. अकराला मिस्त्री यायचा होता.