आधी ट्यूबच्या मागची बारीक अक्षरं वाचा

ताई, सासूबाईंबद्दल वाचलं. पॅरॅलिसिसनंतर चार महिने डायपर, जांघेत लालबुंद, पुसायला गेलं की हात झटकतात, आणि मेडिकलमधून आणलेल्या ट्यूबने दोन दिवस बरं वाटून पुन्हा वाढलं. हे शेवटचं वाचलं आणि लिहायला बसलो. आमच्या अण्णांचं अगदी हेच झालं होतं.

डायपर वेळेवर बदला वगैरे तुम्हाला सांगायला नको. ट्यूबचं सांगतो.

कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मी नुसतं "लाली आहे, खाज आहे" म्हटलं. त्याने मागे न बघताच एक ट्यूब काढली. "सगळ्यावर चालते काका." सगळंच होतं तिच्यात: स्टेरॉइड, बुरशीचं औषध, अँटिबायोटिक. दुसऱ्या दिवशी लाली फिकी. मी खूश, बहिणीला फोन करून नावही सांगितलं! आठवड्याने लाली परत आली आणि तिच्या कडेबाहेर मोहरीएवढे सुटे लाल ठिपके दिसायला लागले. मी अजून जाड थर लावला. असे तीन आठवडे. शेवटी कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झाली, ओल्या फडक्यानेसुद्धा सोलवटायची.

त्वचेच्या डॉक्टरांनी मलाच ट्यूबवरची अक्षरं मोठ्याने वाचायला लावली. क्लोबेटासॉल. जोरदार स्टेरॉइड, त्यात वरून डायपर, म्हणजे आणखीच आत मुरणार. ते लाली दाबतं आणि बुरशीला रान मोकळं मिळतं. ठिपके बुरशीचेच होते. मग बुरशीवरचं साधं क्लोट्रिमाझोल दिलं आणि त्यावर झिंक ऑक्साइड. (क्लोबेटासॉल आणि क्लोट्रिमाझोल ही दोन नावं चष्म्याशिवाय सारखीच वाटतात, जपून.) चिठ्ठीशिवाय असली ट्यूब देणाऱ्याबद्दल आजही माझं डोकं फिरतं, पण चिठ्ठी न नेणारा मीच होतो.

मी डॉक्टर नाही, बँकेतून रिटायर झालेला माणूस आहे. तेव्हा पुढचं माझं मत म्हणून घ्या.

साबण बंद. निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते, साबण उलटा, अल्कधर्मी. लघवीतूनही अमोनिया होतोच, आणि अशा वातावरणात शीमधले पाचकरस कातडीला जास्त झोंबतात. पाण्यात जंतुनाशकाचं झाकण ओतणाऱ्या मावशी आमच्याकडेही होत्या. त्यांना समजावण्यात माझा एक महिना गेला. कोमट पाणी, अण्णांच्याच जुन्या धोतराचे मऊ तुकडे, आणि टिपायचं, घासायचं नाही. पावडर तर अजिबात नको, ओलीत तिचे गोळे होतात आणि तेच घासतात.

झिंकचं मलम मी दर वेळी खरवडून पांढरं नाहीसं करायचो. मूर्खपणा. वरचा घाण झालेला थर पुसा, खालचा राहू द्या, वर पुन्हा लावा. व्हॅसलीन वापरत असाल तर अगदी पातळ. जाड थर डायपरला चिकटला की तो लघवी शोषत नाही.

विषयांतर होतंय, पण सारखी थोडी थोडी पातळ शी होत असेल तर जुलाब थांबवायची गोळी देण्याआधी डॉक्टरांना विचारा. अण्णांना आत घट्ट शीचा खडा अडकला होता आणि बाजूने पाणी झिरपत होतं. आणि लघवी कमी व्हावी म्हणून पाणी तोडू नका, दाट लघवी जास्त जळजळते. पाणी तोडायचा सल्ला आम्हाला एका शहाण्या नातेवाइकाने दिला होता.

माकडहाडावर लाली असेल तर बोट दाबून बघा. दाबल्यावर फिकी पडत नसेल तर तो बेडसोर सुरू होतोय. तिथे मलम उपयोगाचं नाही, कूस बदलायला हवी आणि डॉक्टरांना दाखवायला हवं.

सासूबाईंना नेणं जमत नसेल तर खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न लावता फोटो काढा, आणि तो दाखवायला जाताना ट्यूब सोबत न्या. रिकामी झाली असली तरी.