जलविद्युत कंपनीने अर्ज मागे घेतला, मग साठेखताचे काय?

प्रश्न : पाटण तालुक्यात आमची वडिलोपार्जित डोंगरउताराची जमीन आहे. पंप्ड स्टोरेज (पाणी वरच्या जलाशयात चढवून, खाली सोडताना वीज करण्याच्या) प्रकल्पासाठी एका कंपनीने नोंदणीकृत साठेखत (पुढे जमीन विकण्याचा करार) करून इसार दिला. आता कंपनीने पर्यावरण मंजुरीचा अर्ज मागे घेतला आहे. जमीन मोकळी झाली का? दुसरे गिऱ्हाईक तयार आहे.

उत्तर : नाही, आपोआप मोकळी झालेली नाही. दुसऱ्या गिऱ्हाइकाकडून तूर्त एक रुपयाही घेऊ नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

मंजुरीचा अर्ज हा कंपनी आणि पर्यावरण मंत्रालय यांच्यातला विषय. साठेखत तुमच्यात आणि कंपनीत झाले आहे. शिवाय मागे घेतलेला अर्ज फेटाळला गेलेला नसतो. जलाशयाची जागा किंवा क्षमता बदलून कंपनी तो पुन्हा दाखल करू शकते.

आता साठेखत काढून एकच गोष्ट शोधा : खरेदीखत मंजुरीवर अवलंबून ठेवले आहे का, आणि त्याला मुदत आहे का? दोन्ही असेल आणि मंजुरीविना मुदत उलटली असेल, तर करार कायदा, 1872 च्या कलम 35 नुसार तो करार शून्य ठरतो. मग इसार परत करावा लागेल. मंजुरीची अट आहे, पण मुदत नाही, अशा कागदात शेतकरी वर्षानुवर्षे अडकून पडतो. तिथे वकिलामार्फत नोटीस पाठवा : ठराविक दिवसांत खरेदीखत करून घ्या, नाहीतर रद्दलेख (साठेखत रद्द केल्याचा दस्त) करून द्या. मंजुरीची अटच नसेल, तर कंपनीने व्यवहार मोडल्यास इसार जप्त करण्याचा प्रश्न येतो. तसे कलम कागदात आहे का, ते पाहून मगच बोला.

नोंदणीकृत साठेखताची माहिती नव्या खरेदीदाराला होती असेच कायदा धरतो. कंपनीने करारपूर्तीचा, म्हणजे ठरल्याप्रमाणे जमीन आपल्यालाच मिळावी असा दावा लावला, तर तोही त्यात ओढला जाईल. खरेदीखताची तारीख ठरलेली असेल, तर त्या तारखेपासून 3 वर्षे कंपनीला असा दावा लावता येतो.

तलाठ्याकडून ताजा सातबारा घ्या आणि ‘इतर हक्क’ रकाना बघा. तिथे 2013 च्या भूसंपादन कायद्याची नोंद असेल, तर ती कंपनीच्या माघारीने जात नाही. ताबा घेतलेला नसेल तोवर शासन कलम 93 खाली संपादन सोडू शकते. त्यात तुमचे नुकसान झाले असेल, तर भरपाईही मागता येते.

इसाराचे पैसे खर्च झाले असतील, तरी घाबरू नका. कंपनी राजी असेल, तर रद्दलेखात परतफेडीचे हप्ते लिहून घेता येतात. रक्कम बँकेतूनच द्या आणि रद्दलेख दुय्यम निबंधकाकडे नोंदवा.